डिस्चार्जच्या आदल्या दिवशीची वीस मिनिटं आम्हाला द्या

प्रति,
राज्यातील जिल्हा शल्यचिकित्सक, वैद्यकीय अधीक्षक आणि अधिसेविका,

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्हा रुग्णालयात मेडिसिन वॉर्डची परिसेविका आहे. हे पत्र मंत्रालयाला न पाठवता तुम्हाला लिहिते आहे, कारण मी जे मागणार आहे त्यासाठी जीआर लागत नाही आणि नवीन पदही मंजूर करून घ्यावं लागत नाही. ड्यूटी लिस्ट तुमच्याकडे असते आणि रुग्ण कल्याण समितीचा निधी तुमच्या सहीने निघतो. तेवढ्यात हे काम बसतं.

हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर होऊन अंगात पाणी साठणाऱ्या पेशंटला घरी सोडायच्या आदल्या दिवशी एका सिस्टरला किंवा ब्रदरला त्याच्याजवळ बसून बोलायला वीस मिनिटं मिळावीत, ही पहिली मागणी. ती वीस मिनिटं ड्यूटी म्हणून धरली जावीत, ही दुसरी. आणि कसं बोलायचं ते आम्हाला कुणीतरी नीट शिकवावं, ही तिसरी. तिसरी वाचून काहींना हसू येईल. बोलायला काय शिकायचं, सिस्टर लोक दिवसभर बोलतातच की! तो मुद्दा पुढे येतोच.

आधी सध्या काय चालतं ते बघू. डिस्चार्ज बहुतेक वेळा सकाळच्या राउंडनंतर होतो. नातेवाईक योजनेच्या खिडकीवर कागदांच्या रांगेत असतो. पेशंटचं अर्धं लक्ष बाराच्या एसटीकडे, अर्धं सलाईनची सुई कधी निघते याकडे. त्या गडबडीत आम्ही डिस्चार्ज कार्ड हातात देतो आणि एका दमात म्हणतो, "मीठ बंद, लोणचं-पापड बंद, पाणी मोजून, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दम लागला की लगेच यायचं, समजलं ना?" ते म्हणतात, "समजलं." केसपेपरवर आम्ही लिहितो, 'आहार व औषधांबाबत समुपदेशन केले.' सही, वेळ. कागद पूर्ण होतो.

आणि काही आठवड्यांनी तोच माणूस पाय भरलेले, तोंड सुजलेलं, बसून श्वास घेत असा पुन्हा कॅज्युअल्टीत येतो.

हा आजार किती वाईट आहे हे तुम्हाला मी सांगायला नको, पण आकडे समोर असलेले बरे. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ मध्ये १,२०५ पेशंट नोंदवले गेले. सरासरी वय ६१ वर्षं, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या पेशंटपेक्षा साधारण दहा वर्षांनी तरुण. तीन वर्षांत त्यातले जवळजवळ ४५ टक्के गेले. नंतरची राष्ट्रीय रजिस्ट्री ५३ रुग्णालयांची, १०,८५१ पेशंटची. त्यात नव्वद दिवसांच्या आत १४ टक्के दगावले. ६१ वर्षांचा माणूस आमच्याकडे अजून शेतात जाणारा, घर चालवणारा असतो.

या मृत्यूंचं खापर मीठ खाणाऱ्यावर फोडायला मी बसलेली नाही. औषधच मिळत नसेल तर गोड बोलून कुणाचं हृदय सुधारत नाही. बीटा ब्लॉकर, एसीई इनहिबिटर किंवा त्याच्या जागचं नवीन औषध, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी हे चार आधार आधी पाहिजेत. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती बरीच स्वस्त झाली आहे. तुमच्या औषध भांडारात ती नसेल तर आधी ते बघा, माझं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

पण गोळ्या दिल्या, पिशवीत घालून दिल्या, आणि घरी गेल्यावर त्या पिशवीतच राहिल्या, तर?

अमेरिकेतल्या नर्सिंगच्या संशोधक बार्बरा रीगल यांनी हार्ट फेल्युअरच्या पेशंटने स्वतःची घ्यायची काळजी तीन भागांत मांडली आहे. एक म्हणजे रोजचं पथ्यपाणी आणि गोळ्या. दुसरं, अंगात होणारे बदल ओळखणं. तिसरं, बदल कळल्यावर पुढे काय करायचं ते ठरवणं. आमचा दारातला उपदेश पहिल्या भागातच संपतो. दुसऱ्याला आम्ही एक वाक्य देतो, 'दम लागला की या.' पण दम लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याआधी काही दिवस वजन चढत असतं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते पाणी आहे, एवढ्यात चरबी चढत नाही. घरात काटा नसतो, तरी शरीर सांगत असतंच. बाईच्या पायातलं जोडवं रुतायला लागतं. पुरुषाला चपलेचा पट्टा एक घर सैल करावा लागतो. रात्री एका उशीच्या दोन होतात. यातलं काय झालं होतं असं दुसऱ्यांदा भरती झालेल्या पेशंटला विचारा. बहुतेक जण सांगतात, हो, झालं होतं, पण ते हृदयाचं असेल असं वाटलं नाही.

आता 'कसं बोलायचं' याकडे येते.

१९८३ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूची सवय असलेल्या लोकांशी बोलण्याची एक वेगळी रीत मांडली. पुढे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले आणि मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग, म्हणजे प्रेरक मुलाखत, या नावाने ती जगभर पसरली. गाभा साधा आहे. समोरच्याच्या मनात दोन्ही बाजू असतात, सोडावंसं वाटतं आणि सोडवत नाही. तुम्ही 'सोड' या बाजूने जोर लावला की तो आपोआप दुसऱ्या बाजूची वकिली करतो. म्हणून आपण वकिली करायची नाही. प्रश्न असे विचारायचे की बदलाची कारणं त्याच्याच तोंडून यावीत. तो बोलला ते आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायचं. जमलेल्या गोष्टीची दखल घ्यायची. सल्ला द्यायचाच झाला तर आधी विचारायचं, "एक सांगू का?"

ऐकायला सोपं आहे, करायला महाकठीण. नर्सला चूक दिसली की दुरुस्त करायची उबळ येते, ट्रेनिंगपासून आम्हाला तेच शिकवलेलं असतं. पेशंट म्हणाला, "दोन दिवस गोळी नव्हती घेतली," की आमच्या तोंडून निघालंच, "असं करून कसं चालेल काका?" आणि काका गप्प. पुढच्या वेळी विचारलं की म्हणतात, "घेतो की रोज."

आमच्याच वॉर्डातला एक संवाद देते. पेशंट पन्नाशीच्या पुढचे, भाजीपाला पिकवून आठवडी बाजारात विकणारे. दुसरी भरती. पाय उतरले होते, दम बसला होता.

"काका, या सगळ्या गोळ्यांत नको वाटते अशी कुठली?"

जरा थांबून म्हणाले, "लघवीची."

"का हो?"

"घेतली की दर अर्ध्या तासाला उठावं लागतंय. मंगळवारी बाजारात बसतो, माल सोडून जाऊ कुठं? आन् जायला जागा तरी कुठंय?"

"म्हणजे मंगळवारी घेत नाही."

"मंगळवारी न्हाई. सोमवारी संध्याकाळी टेम्पोत माल भरायचा असतो, दुपारपास्नं पाणीबी कमी पितो. बुधवारी विसरतंच."

"बाकीच्या दिवशी मात्र चुकत नाही?"

"न्हाई, बाकी दिवस घेतो. सूज उतरती ना त्यानं, मला कळतंय की."

"कळतंय तुम्हाला. मग मंगळवारचं काय करता येईल असं वाटतं?"

"बाजार दोनला उठतो. घरी येऊन घेतली तर चालंल का?"

सिस्टरने राउंडला सरांना विचारलं, सर हो म्हणाले, कार्डावर तसं लिहून दिलं. उपाय काकांनी स्वतः काढला. पहिल्या भरतीच्या वेळी आम्ही त्यांना 'गोळ्या चुकवू नका' हे किती वेळा बजावलं असेल, पण मंगळवार हा शब्द त्यात कुठेच नव्हता.

बायकांच्या बाबतीत हीच गोष्ट आणखी अवघड असते. मजुरीला गेलेल्या बाईला दिवसा रानात आडोसा नाही, म्हणून ती सकाळची गोळी गिळतच नाही. ती हे डॉक्टरांना सांगत नाही. सिस्टरला सांगते, पण सिस्टरने विचारलं तर, आणि आजूबाजूला पुरुष नसले तर. मिठाचंही तसंच. सासूबाईंना मीठ कमी पाहिजे, पण भाजी सुनेच्या हातची. "माझ्या एकटीसाठी वेगळं कुठं करायला लावू?" या एका वाक्यात त्या घराचं सगळं राजकारण असतं. तिथे 'मीठ बंद' म्हणून उपयोग शून्य. सुनेला बोलावून, सासूला कानकोंडं न करता, "भाजी फोडणीला टाकली की मीठ घालायच्या आधी आईंची वाटी काढून ठेवता येईल का?" असं विचारलं तर कधी कधी ती सूनच म्हणते, "मी सगळ्यांचंच कमी करते, ह्यांनाबी बीपी आहे."

मिठावरून एक सांगायचं राहिलं. आम्ही जे 'पूर्ण बंद' सांगतो त्याला फारसा आधारही नाही. २०२२ मध्ये सहा देशांतल्या ८०६ पेशंटचा सोडियम-एचएफ नावाचा अभ्यास आला. मिठातलं सोडियम दिवसाला १,५०० मिलिग्रॅमच्या खाली आणण्याचा प्रयत्न केला, पण भरती आणि मृत्यू यात ठळक फरक दिसला नाही. पेशंटला थोडं बरं वाटलं, एवढंच. याचा अर्थ खारे शेंगदाणे आणि सुकट मोकळी झाली असा कुणी घेऊ नये. आपल्याकडे माणसी मीठ दिवसाला आठ ग्रॅमच्या आसपास जातं आणि जागतिक आरोग्य संघटना पाचच्या आत ठेवा म्हणते. कमी करायला जागा भरपूर आहे. पण अळणी जेवणाची शिक्षा सुनावण्यापेक्षा, "लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यातलं कुठलं सोडायला सगळ्यात सोपं जाईल?" हा प्रश्न विज्ञानालाही धरून आहे आणि माणसालाही.

असं मोकळं बोलायला लागलं की न विचारलेल्या गोष्टी बाहेर पडतात. गुडघ्यासाठी मेडिकलवाल्याकडून रोज डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी चालू आहे, तिनेच पाणी साठतंय. एकादशीला गोळ्याही उपवासाला. सैंधव मीठ चालतं असं कुणीतरी सांगितलंय, तेही शेवटी मीठच. पुण्याच्या भाच्याने हौसेने 'लो सोडियम' मीठ आणून दिलंय. त्यात पोटॅशियम असतं आणि वर पोटॅशियम वाढवणारी स्पायरोनोलॅक्टोन चालू, म्हणजे हे तर सरळ धोक्याचं. आमच्या छापील समुपदेशनाच्या फॉर्मात यातल्या एकाचाही रकाना नाही.

'बदल करायची किती तयारी आहे, दहापैकी किती?' हा या पद्धतीतला नेहमीचा प्रश्न. आमच्याकडची म्हातारी माणसं दहावर अडखळतात. रुपयात किती आणे विचारलं की चटकन सांगतात, "सहा आणे." मग पुढचा प्रश्न, "सहाच का?" असा नाही. विचारायचं, "दोन आणे का नाही म्हणालात?" मग ते स्वतःच कारणं द्यायला लागतात. नातीचं लग्न, पंढरीची वारी, गाईची धार स्वतः काढायची हौस. वारीचं नाव निघालं की आमचे तरुण डॉक्टर घाबरतात. नाही म्हटलं तरी जाणारा जातोच. त्यापेक्षा किती चालणार, गोळ्या कुणाकडे, वाटेत पाय सुजले तर कुठल्या टप्प्यावर थांबणार, हे त्याच्याकडून वदवून घेतलेलं बरं.

पुरावा काय, असं तुम्ही विचाराल आणि विचारलंच पाहिजे. इटलीत नर्सेसनी हाच प्रयोग केला, मोटिव्हेट-एचएफ नावाने. ५१० पेशंट आणि त्यांची काळजी घेणारी घरची माणसं. नर्सची एक समोरासमोर भेट आणि दोन महिन्यांत तीन फोन. २०२० मध्ये निष्कर्ष आले. तीन महिन्यांनी नेहमीच्या सेवेच्या तुलनेत स्व-काळजी सुधारलेली होती. हेही सांगते की सुधारूनसुद्धा 'पुरेशी' म्हणावी त्या पातळीला पाचात एकापेक्षाही कमी जण पोचले होते. नेहमीच्या सेवेत मात्र दहात एकापेक्षाही कमी. म्हणजे हा जादूटोणा नाही, एका भेटीत फार मोठी अपेक्षा करू नये. नर्सच्या पुढाकाराने एकूण पाठपुरावा केला तर काय होतं हे त्याहून जुनं आहे. १९९५ मध्ये सेंट लुईसच्या अभ्यासात सत्तरीपुढच्या २८२ पेशंटमध्ये नर्सने शिकवणं, आहार, औषधं आणि घरी पाठपुरावा हे सगळं एकत्र केलं, तेव्हा हार्ट फेल्युअरसाठी नव्वद दिवसांतल्या पुनर्भरती निम्म्याहून जास्त घटल्या. या गोष्टीला तीस वर्षं झाली!

आता तुमची अडचण. स्टाफ नाही. मान्य आहे, रात्रपाळीला अख्खा वॉर्ड एका सिस्टरवर असतो हे मी रोज बघते. पण पुन्हा भरती झालेल्या पेशंटचा ऑक्सिजन, लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सची इंजेक्शनं, कॅथेटर, दर तासाचा इनटेक-आउटपुट चार्ट यात किती वेळ जातो याचा हिशेब एकदा मांडा. ती कामं स्टाफ नाही म्हणून आपण सोडत नाही, कारण ती 'काम' म्हणून गणली जातात. बसून बोलणारी सिस्टर मात्र रिकामी दिसते आणि पहिला निरोप तिलाच येतो, "जरा ब्लड बँकेत जाऊन ये." एचआयव्ही तपासणीच्या आयसीटीसी केंद्रात समुपदेशकाची वेगळी खुर्ची आहे, पगार आहे, तिला कुणी ब्लड बँकेत पिटाळत नाही. म्हणजे बोलणं हे काम असतं हे सरकारी व्यवस्थेला माहीत नाही असं नाही.

आठवड्यातून तीन दिवस, दुपारचे दोन तास, एक सिस्टर. ड्यूटी लिस्टमध्ये तिचं नाव त्या कामासमोर लिहिलेलं असावं आणि त्या दोन तासांत तिला दुसरीकडे हलवू नये. दुपारी म्हणते, कारण तेव्हा घरचं कुणीतरी डबा घेऊन आलेलं असतं. दम लागलेल्या पेशंटशी हे करायचं नाही, तो उशी टेकून निवांत बोलू लागला की करायचं. वॉर्डासाठी एक मोबाइल आणि रिचार्ज, म्हणजे घरी गेल्यावर आठवड्याच्या आत एक फोन जाईल. आत्ता आम्ही स्वतःच्या नंबरवरून करतो आणि मग रात्री अकरालाही फोन येतात. परवडणार नाही अशांना द्यायला रुग्ण कल्याण समितीतून थोडे वजनकाटे. पेशंटच्या गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला एक निरोप, की या माणसाचं वजन आणि पाय बघत जा.

प्रशिक्षणाबद्दल मात्र थोडं कडक लिहिते. कृपा करून एकदिवसीय कार्यशाळा, पीपीटी, चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र असं करू नका. मिलर यांनी २००४ मध्ये हेच तपासलं होतं. नुसत्या कार्यशाळेत शिकलेलं टिकलं नाही. ज्यांना नंतर स्वतःच्या संभाषणावर अभिप्राय आणि फोनवरून मार्गदर्शन मिळत राहिलं, त्यांचं टिकलं. आपल्या राज्यात व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात वर्षानुवर्षं माणसांशी बोलत आलेले अनुभवी लोक आहेत. त्यांना बोलवा. महिन्यातून एकदा पेशंटच्या परवानगीने रेकॉर्ड केलेलं एखादं संभाषण समोर ठेवून, सिस्टरने कुठे उपदेश केला आणि कुठे ऐकलं, हे ते दाखवू शकतील.

मला भीती एकाच गोष्टीची वाटते. उद्या तुम्हाला हे पटलं, आणि वरून एक नवीन रजिस्टर आलं, 'प्रेरक मुलाखत झाली: होय/नाही', महिन्याचं उद्दिष्ट इतकं. मग आम्ही तेही भरू, रात्री बारा वाजता, एका रंगाच्या पेनाने. ते नको. मोजायचंच असेल तर तीस दिवसांत किती परत आले ते मोजा, आणि जाताना पेशंटला विचारा की घरी गेल्यावर काय काय करणार. त्याने त्याच्या शब्दांत सांगितलं तर काम झालं. "सिस्टर सांगतील तसं" म्हणाला तर नाही झालं.

पुढच्या महिन्याची ड्यूटी लिस्ट या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लागते. एका वॉर्डापासून सुरुवात केली तरी चालेल. आमच्या वॉर्डात दोन जणी आणि एक ब्रदर तयार आहेत.

आपली नम्र,
एक परिसेविका, मेडिसिन वॉर्ड